घरगुती बायोफिल्टरसाठी स्वस्त मीडिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी परिसर)

परसातला सिमेंटचा हौद, गच्चीवरची टाकी, घरातला मोठा काचेचा टँक, किंवा निळ्या बॅरलमध्ये पाळलेले तिलापिया आणि रोहू, यांच्यासाठी स्वतः फिल्टर बांधणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. आपल्या भागात काय मिळतं आणि आपल्या भागातलं पाणी कसं आहे, हे धरूनच उत्तरं दिली आहेत. पुण्या-मुंबईच्या दुकानात मिळणाऱ्या महागड्या पिशव्यांची यादी इथे नाही.

बायोफिल्टर नेमकं काय करतो?

मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनिया निघतो. हा अमोनिया माशांना विष आहे. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषच. नायट्रेट मात्र मासे बऱ्याच प्रमाणात सोसतात आणि पाणी बदलून किंवा झाडांना देऊन ते काढता येतं. हे जिवाणू पाण्यात मोकळे फारसे नसतात, कशाला तरी चिकटून पातळ थर करून राहतात. त्यांना चिकटायला जागा म्हणून फिल्टरमध्ये जे सामान भरायचं, तोच मीडिया.

म्हणजे मीडिया स्वतः काहीही शुद्ध करत नाही. तो फक्त जागा देतो. हे एकदा पक्कं लक्षात आलं की अर्धा खर्च वाचतो.

सगळ्यात चांगला स्वस्त मीडिया कोणता? एकच सांगा.

पाण्यात बुडालेल्या साध्या फिल्टरसाठी: कांद्याच्या किंवा शेडनेटच्या स्वच्छ जाळीच्या सैल गुंडाळ्या. वरून पाणी ठिबकत येणाऱ्या उभ्या बॅरलसाठी: पक्क्या भाजलेल्या कौलांचे तुकडे. दोन्हींपुढे गाळ अडवायला स्पंज किंवा गाळाची वेगळी बादली हवी. ती नसेल तर कुठलाही मीडिया महिन्या-दोन महिन्यांत चिखलाने भरतो.

मला किती मीडिया लागेल?

हा प्रश्न माशांच्या संख्येवरून किंवा टाकीच्या लिटरवरून सुटत नाही, रोजच्या खाद्यावरून सुटतो. अमोनिया येतो तो खाद्यातल्या प्रथिनांतून. 30 ते 32 टक्के प्रथिनं असलेलं एक किलो खाद्य माशांच्या पोटात गेलं की साधारण 28 ते 30 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (म्हणजे अमोनियातल्या नायट्रोजनचं वजन) पाण्यात येतं.

उदाहरण घेऊ. 500 लिटरचा हौद, रोज 20 ग्रॅम खाद्य. म्हणजे रोज अर्धा ग्रॅमपेक्षा थोडं जास्त अमोनिया-नायट्रोजन. चांगला जमलेला जिवाणूंचा थर एका चौरस मीटरवर दिवसाला 0.2 ग्रॅम तरी पचवतो, असं घरगुती हिशेबात धरावं. मोठ्या प्रकल्पांत आकडा यापेक्षा वर जातो, पण तिथे ऑक्सिजन मोजून दिलेला असतो. या हिशेबाने आपल्याला साधारण 3 चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. मीडियाच्या एका लिटरमध्ये 0.2 चौरस मीटर पृष्ठभाग मिळत असेल, तर 15 लिटर. हिवाळा, गाळ आणि आपले अंदाज यांच्यासाठी दुप्पट धरा: 30 लिटर. दोन मध्यम बादल्या.

आता बघा, 20 मिलिमीटरच्या साध्या खडीतही लिटरला 0.18 चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. 10 मिलिमीटरची घेतली तर दुप्पट. म्हणजे ‘जास्त पृष्ठभागवाला’ महाग मीडिया शोधत बसण्याची गरज घरगुती हौदात पडत नाही. खरी अडचण पृष्ठभागाची नसते. पाणी त्या पृष्ठभागापर्यंत पोचतं का, त्यात ऑक्सिजन आहे का, आणि गाळाने ती जागा बुजली आहे का, यावर सगळं ठरतं. पाळणाऱ्यांचा वेळ आणि पैसा मीडियाच्या नावावर जातो आणि हवेचा पंप मात्र सर्वांत छोटा घेतला जातो. हे उलटं व्हायला हवं.

दुकानातल्या सिरॅमिक रिंग्जच्या पाकिटावर ‘एका लिटरला शेकडो चौरस मीटर’ असं लिहिलेलं असतं. मग ते खोटं का?

मोजमाप म्हणून ते खरं असू शकतं. पण त्यात रिंगच्या आतल्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग धरलेला असतो. पाणी तिथे वाहत नाही. ऑक्सिजन स्थिर पाण्यातून फार आत शिरत नाही, आणि जिवाणूंच्या थरातही तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका आत गेला तर गेला. बाहेरची छिद्रं थरानेच बुजतात. अमोनिया पचवायला उपयोगी पडतो तो वाहत्या पाण्याला लागून असलेला बाहेरचा पृष्ठभाग. तो त्या रिंगेत आणि तितक्याच आकाराच्या खापरीच्या तुकड्यात जवळपास सारखा असतो.

रिंग्ज वाईट नाहीत. कोणी भेट दिल्या तर जरूर वापरा.

खानापूरची जुनी कौलं आणि विटा चालतील का? जांभा चालेल का?

कौलं उत्तम. खानापूर तालुक्यात मातीकाम, वीट आणि कौलं यांचा धंदा जुना आहे. खानापूरला ग्रामीण कुंभारकामाचं केंद्रीय प्रशिक्षण केंद्रही आहे. आता घरांवर स्लॅब आणि पत्रे आल्यामुळे उतरवलेली कौलं गावोगावी परसात रचून पडलेली दिसतात. ती फोडून 20 ते 40 मिलिमीटरचे तुकडे करायचे. गोणपाटात घालून फोडली तर कपच्या उडत नाहीत, तरी डोळ्यांना चष्मा लावा. चाळणीवर चाळून बारीक चुरा काढून टाकायचा, कारण चुऱ्यानेच फिल्टर तुंबतो. मग पाणी निवळ येईपर्यंत धुवायचं. भाजलेली माती पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) फारसा हलवत नाही, खरखरीत असते, जिवाणू पटकन धरतात. रंग किंवा डांबर लावलेलं कौल मात्र घेऊ नका.

विटांचं तसं नाही. वीट पक्की भाजलेली हवी. दोन विटा एकमेकींवर वाजवून बघा: खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आवाज आला तर सोडा. कच्ची वीट आठवड्यात विरघळून तळाशी लाल चिखल होतो. जुन्या भिंतीची वीट असेल तर तिला लोणा लागलाय का बघा. तो पांढरा थर म्हणजे क्षार, आणि ते सगळे पाण्यात उतरतात. चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा चिकटलेली वीटही नको. फ्लाय अॅशच्या राखाडी विटा आणि सिमेंट ब्लॉक पीएच चढवतात, ते बाजूलाच ठेवा.

जांभा हा आपल्या पश्चिम पट्ट्याचा खास दगड. जांबोटी, खानापूरकडे घरं चिऱ्यांची असतात, त्यामुळे चिऱ्यांचे तुकडे सहज मिळतात. दगड नैसर्गिकच छिद्राछिद्रांचा आहे. शिवाय त्यातली लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं पाण्यातला फॉस्फेट काही काळ धरून ठेवतात, त्यामुळे सुरुवातीला शेवाळ थोडं कमी येतं. अडचण एकच: मऊ जांभा झिजतो. कठीण, गडद रंगाचे तुकडे निवडा, हाताने कोपरा मोडत असेल तर टाकून द्या. धुवायला कौलांपेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं. विहिरीवर किंवा ओढ्याच्या काठी धुऊन आणा, नळाचं पाणी त्यात घालवू नका. हवेच्या जोरावर मीडिया सतत फिरत राहतो अशा टाकीत जांभा किंवा कौल कधीच घालू नका. घासून घासून त्याचं पीठ होतं.

पाण्याच्या बाटल्यांची झाकणं साठवली आहेत. उपयोग होईल का?

होईल, आणि फुकटात होईल. एका झाकणाच्या आतबाहेर मिळून 40 चौरस सेंटिमीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो. एका लिटरच्या डब्यात सुटी ओतली तर साठेक मावतात. म्हणजे लिटरला 0.2 चौरस मीटरच्या वर. आपल्या हिशेबाला पुरेसं.

पण झाकण वाटीसारखं असतं, तोंड वर करून बसलं की त्यात गाळ साचतो, आणि तोंड खाली करून बसलं की हवेचा बुडबुडा अडकतो. म्हणून प्रत्येक झाकणाला मधोमध 5 मिलिमीटरचं भोक पाडा. तापवलेल्या खिळ्याने पाडू नका, धूर नाकात जातो; साधं ड्रिल मशीन घ्या. झाकणं पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात, दोन्ही पाण्यावर तरंगतात. त्यामुळे ती जाळीच्या पिशवीत कोंबून, वरून दगड ठेवून बुडवावी लागतात. बाटली मात्र पेटची असते, ती बुडते. बाटलीच्या कापट्या मीडिया म्हणून वापरू नका, त्या एकमेकींवर चिकटून बसतात आणि मधून पाणीच जात नाही.

हवेच्या जोरावर सतत फिरणाऱ्या मीडियासाठी झाकणं मला पसंत नाहीत. एकात एक अडकतात आणि फिरायचं थांबतात. तिथे विजेच्या वायरिंगचा पन्हळी फ्लेक्सिबल पाईप 10 ते 12 मिलिमीटरच्या चकत्या करून वापरावा. हा पाईप पीव्हीसीचा असेल तर बुडतो, म्हणून हवा खालून जोरात लागते. टाकीच्या निम्म्याच्या आसपास मीडिया भरा, जास्त भरला तर फिरत नाही.

प्लास्टिकच्या स्ट्रॉ कापून वापरण्याची युक्ती जुन्या व्हिडिओंत दिसते. 1 जुलै 2022 पासून देशभर त्यांच्यावर बंदी आहे, त्यामुळे तो विषय सोडून द्या.

बेळगावच्या उद्यमबागमधल्या कारखान्यातून लेथवरचा प्लास्टिकचा कीस मिळतो. तो कसा?

पृष्ठभागाच्या दृष्टीने याच्या तोडीचा फुकट मीडिया नाही. नायलॉनचा किंवा एचडीपीईचा लांब, कुरळा कीस सैल भरला तर पाणी मोकळं वाहतं. उद्यमबाग आणि मच्छे भागात फाउंड्री आणि मशीन शॉप भरपूर आहेत, प्लास्टिकचे बुश आणि वॉशर करणारे टर्नरही आहेत, त्यामुळे ओळखीने पोतंभर कीस सहज मिळतो.

आता धोका. लेथवर कूलंट (कापताना थंड ठेवायला सोडलेलं तेल) वापरलेलं असतं. त्या तेलात आणि त्यातल्या जंतुनाशकात मासे आणि जिवाणू दोन्ही मरतात. टर्नरला स्पष्ट विचारा, ‘हे कोरडं कापलंय की कूलंट सोडलं होतं?’ कोरडं कापलेलंच घ्या. त्याच मशीनवर आदल्या दिवशी पितळ कापलं असेल तर पितळेचे कण किसात मिसळलेले असतात. पितळेत तांबं असतं, आणि आपल्या हलक्या पाण्यात तांब्याचा थोडासा अंशही माशांना घातक ठरतो. तांब्याला चुंबक ओढत नाही, म्हणून चुंबक फिरवून खात्री होणार नाही. पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात बघा. शंका आली तर तो कीस घेऊ नका. घेतला तर गरम पाण्यात भांडी घासायच्या पावडरीने धुवा, मग वास आणि तवंग पूर्ण जाईपर्यंत साध्या पाण्यात खंगाळा, आणि एका बादलीत दोन-चार गप्पी मासे सोडून आठवडाभर बघा. गप्पी मेले तर हौद वाचला.

लोखंडाचा, पितळेचा, तांब्याचा कीस कोणत्याही कारणाने नको.

कांद्याच्या जाळ्या, शेडनेट, भांडी घासायच्या घासण्या, स्पंज: यांत फरक काय?

कांद्याची लाल जाळी आणि हिरवं शेडनेट दोन्ही प्लास्टिकचं, कुजत नाही, स्वस्त, आणि आठवडी बाजारात फुकटही मिळतं. सैल गुंडाळी करून नायलॉनच्या दोरीने बांधा. घट्ट बांधली की पाणी बाजूने पळतं आणि मधला भाग कुजका होतो. शेडनेट उन्हात वापरलेलं जुनं असेल तर त्याचे तंतू तुटून पंपात जातात, म्हणून हाताने ओढून बघा. बागेत कीटकनाशक फवारताना वर असलेलं शेडनेट घेऊ नका.

नायलॉनची गोल कुरळी घासणी चांगली, पण साबण भरलेली किंवा ‘जंतुनाशक’ लिहिलेली नको. तारेची घासणी गंजते.

स्पंज गाळ अडवायला आणि जिवाणू धरायला दोन्हीला चालतो, म्हणून छोट्या टँकसाठी तोच पुरे. एका पाईपला बाहेरून स्पंज आणि आतून हवेची नळी, एवढाच फिल्टर. गादीच्या दुकानातला फोम घेताना आग-प्रतिबंधक रसायन असलेला घेऊ नका. बारीक छिद्रांचा फोमही लगेच तुंबतो, मोठ्या छिद्रांचा बघा.

खडी सगळीकडे मिळते. ती का नको?

नको असं नाही. काळ्या दगडाची खडी पाण्यात काही सोडत नाही. फक्त वजन: 30 लिटर खडी म्हणजे 45 किलो. धुवायची वेळ आली की ती कोणी उचलत नाही, आणि न धुतलेल्या खडीच्या तळाशी सडका वास येतो. खडी वापरायचीच असेल तर झाडं लावलेल्या खडीच्या वाफ्यात वापरा, तिथे मुळं आणि गांडुळं गाळ खातात.

एक कसोटी: खडीवर लिंबू पिळा. फसफसली तर तीत चुनखडीचा अंश आहे.

काथ्या, घोसाळ्याचा जाळ, उसाची चिपाडं?

नाही. ही सगळी कुजतात. कुजताना ऑक्सिजन खातात, तोच ऑक्सिजन आपल्या जिवाणूंना हवा असतो. काथ्या शिवाय पाणी चहाच्या रंगाचं करतो. घोसाळ्याचा जाळ काही आठवडे छान दिसतो आणि मग एकदम विरतो.

बॅरल कोणतं घ्यावं?

खाद्यतेलाचं, लोणच्याचं किंवा मळीचं जुनं बॅरल घ्या आणि सोड्याच्या गरम पाण्याने धुवा. औषध-फवारणीचं, रंगाचं, कपडे रंगवायच्या रसायनाचं किंवा कूलंटचं नको, कितीही स्वस्त मिळालं तरी. प्लास्टिकच्या भिंतीत मुरलेलं रसायन महिनोन्महिने बाहेर येत राहतं.

निपाणीकडच्या वाचकांसाठी आवर्जून: तंबाखूच्या वखारीतली पोती, तागाची बारदानं, दोऱ्या किंवा डबे फिल्टरजवळही आणू नका. तंबाखूतलं निकोटिन पूर्वी कीटकनाशक म्हणून फवारलं जायचं. माशांनाही ते विषच आहे. तंबाखूच्या हंगामात वखारीशेजारच्या घरात हौद उघडा असेल तर वर जाळी टाका, आणि तपकिरीचे हात पाण्यात घालू नका.

याच यादीत जस्ताचा पत्रा, टायरचे तुकडे, थर्माकोल, काचेची लोकर आणि रंगवलेलं लाकूड येतं. कारण वेगवेगळं, निकाल एकच.

खानापूरकडे आमचं पाणी हलकं आहे. महिन्या-दोन महिन्यांनी पीएच एकदम खाली येतो आणि फिल्टर काम करेनासा होतो. मीडिया बदलू का?

मीडियाचा यात दोष नाही. हा प्रश्न आपल्या भागात सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर.

अमोनियाचं नायट्रेट करताना जिवाणू आम्ल तयार करतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला पाण्यातली साधारण 7 ग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल शोषून पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद, खर्च होते (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). वर दिलेल्या 500 लिटरच्या हौदात रोज जवळजवळ 4 ग्रॅम, म्हणजे खायच्या सोड्याच्या हिशेबात 6 ते 7 ग्रॅम. जांभ्याच्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी आणि पावसाचं पाणी यांत अल्कलिनिटी मुळातच थोडी. ती संपली की पीएच घसरतो, आणि साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात. खाद्य मात्र आपण रोज तेवढंच टाकत राहतो.

उपाय स्वस्त आहे. फिल्टरच्या शेवटच्या टप्प्यात शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत ठेवा. गोवा-कारवारकडून मासळीबरोबर शिंपल्या येतातच, त्या उकळून, धुऊन, फोडून घ्या. पीएच खाली जाऊ लागला की त्या आपोआप थोड्या विरघळतात. खाद्य जास्त असेल तर तेवढ्याने भागत नाही. तेव्हा खायचा सोडा थोडा थोडा, पाण्यात विरघळवून, पीएच मोजत घाला. एकदम जास्त घालू नका. पाण्यात अमोनिया साचलेला असताना पीएच वर गेला की तो जास्त विषारी होतो: 25 अंश तापमानाला पीएच 7 असताना एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी स्वरूपात नसतो, 8 ला पाच टक्क्यांच्या आसपास, आणि 9 ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आधी पाणी बदला, मग सोडा.

आणि पूर्वेकडचं, चिकोडी-अथणीचं बोअरचं जड पाणी?

तिथे गोष्ट उलटी. काळ्या जमिनीतल्या बोअरच्या पाण्यात अल्कलिनिटी सहसा भरपूर, पीएच आठच्या वरही जातो. फिल्टर आनंदात चालतो, पण तो जमण्याआधीच्या आठवड्यांत अमोनिया जास्त घातक असतो. शिंपल्या, संगमरवराची खडी काही घालू नका. मासे कमी सोडा, खाद्य हळूहळू वाढवा. कौलांवर पांढरे क्षार जमले तर दर पावसाळ्यात थोडे तुकडे बदला.

दिवसातून कितीदा लाईट जाते. जिवाणू मरतात का?

पंप थांबला की बंद डब्यातल्या फिल्टरमध्ये ऑक्सिजन काही तासांत संपतो. जिवाणू लगेच मरत नाहीत, पण आतलं पाणी सडू लागतं, आणि लाईट आली की तेच पाणी हौदात जातं. बंद फिल्टर असेल तर लांब वेळ लाईट गेल्यावर पहिलं बादलीभर पाणी झाडांना टाका, मग पंप जोडा.

म्हणूनच या भागासाठी मी ठिबकता बॅरल सुचवतो. पाणी वरून भोकांच्या ताटलीतून पडतं, कौलांवरून ओघळत खाली येतं, बॅरलच्या बाजूंना हवेसाठी भोकं असतात. लाईट गेली तर पाणी निथळून जातं, तुकडे ओले राहतात आणि हवा मिळत राहते. जूनपासून खानापूरच्या जंगलपट्ट्यात झाड पडलं की लाईट दोन-दोन दिवस येत नाही. तेव्हा वरून दिवसातून काही वेळा तांब्याभर हौदाचं पाणी ओतलं तरी थर जिवंत राहतो. त्या काळात माशांना खाद्य देऊ नका.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे, त्यामुळे 25 अंशांना एका लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. किनाऱ्यावरच्या लोकांचे आकडे वाचून हवेचा पंप लहान घेऊ नका.

फिल्टर तयार व्हायला किती दिवस? लवकर होईल असं काही?

उन्हाळ्यात तीन-चार आठवडे, थंडीत त्याहून बरेच जास्त. कोणाचा चालू फिल्टर असेल तर त्याचा स्पंज तुमच्या बादलीत पिळून घ्या, किंवा त्याचे मूठभर तुकडे तुमच्या मीडियात मिसळा. याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. पण त्या टाकीत रोग नाही ना, एवढं विचारून घ्या.

मासे नसताना जिवाणूंना खायला अमोनिया द्यावा लागतो. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. शुद्ध असेल तर 500 लिटरला साधारण 4 ग्रॅम घातला की पाण्यात 2 मिलिग्रॅम प्रतिलिटर अमोनिया-नायट्रोजन होतं. ते शून्यावर आलं की पुन्हा तेवढंच. ज्या दिवशी घातलेला नवसागर एका दिवसात संपेल आणि नायट्राइटही शून्य दाखवेल, त्या दिवशी मासे सोडा. नवसागर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू निघतो.

मधल्या काळात नायट्राइट चढून मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर 100 लिटरला 20 ते 25 ग्रॅम साधं खडेमीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. तो उपचार झाला. पाणी बदलणं चुकत नाही.

मीडिया कसा आणि किती वेळा धुवायचा?

पाण्याचा वेग कमी झाला की. तारखेवर नाही. हौदातलंच पाणी बादलीत काढून त्यात हलकेच खंगाळायचा, एका वेळी निम्माच. नगरपालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याखाली मीडिया चकचकीत धुतला की महिन्याची मेहनत वाहून जाते. हौदात भरायचं नळाचं पाणीही आदल्या दिवशी उघड्या पिंपात, हवा सोडून ठेवलेलं हवं, किंवा हायपो (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट) घातलेलं.

तपकिरी, गुळगुळीत थर चांगला. काळा आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा वाईट, म्हणजे तिथे हवा पोचत नाही.

डिसेंबर-जानेवारीत?

रात्री पाणी थंड पडतं, जिवाणू मंदावतात, मासेही कमी खातात. खाद्य निम्मं करा. मीडिया वाढवायची गरज नाही.

पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, तरी मासे मरतायत.

अमोनिया आणि नायट्राइट दिसत नाहीत, वासही येत नाही. थेंबांची चाचणी किट घ्या. मीडियावर वाचवलेले पैसे इथे खर्च करा. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच, तीन चाचण्या पुरतात. मोजल्याशिवाय मीडिया बदलणं म्हणजे जमलेले जिवाणू फेकून देणं.

शेततळ्यासाठी, सरकारी योजनेतून केलेल्या कृषी होंडासाठी, असा बॅरल पुरेल का?

नाही. रोज एक किलो खाद्य पडत असेल तर 28 ग्रॅमच्या आसपास अमोनिया-नायट्रोजन येतं, त्याला 140 चौरस मीटर पृष्ठभाग लागतो, म्हणजे आपल्या मीडियाचे 700 लिटर, आणि दुप्पट धरले तर 1400. एवढे बॅरल आणि तेवढं पाणी चोवीस तास उचलणारा पंप यांचं वीजबिल माशांच्या विक्रीतून निघत नाही. शेततळ्यात हे काम तळ, शैवाल आणि काठाची माती करते. तिथे मासे विरळ सोडा, खाद्य हात राखून टाका, आणि पहाटे मासे वर येत असतील तर हवा देणारा पंखा भाड्याने आणा. प्लास्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्यात माती नसते, तिथे बांबूच्या चौकटींवर शेडनेटचे पडदे उभे सोडले तर जिवाणूंना जागा मिळते आणि पंपही लागत नाही. पडदे एकमेकांपासून हातभर अंतरावर आणि तळापासून वीतभर वर बांधा, म्हणजे जाळं ओढताना अडकणार नाहीत.